मराठी मजकुरासाठी सर्च इंजिन निवडताना या चुका टाळा

सोलापुरातील एका चादर-टॉवेल व्यापाऱ्याच्या मालसूचीसाठी शोधसुविधा तयार करताना आम्ही सोलर, इलास्टिकसर्च आणि ओपनसर्च या, स्वतःच्या माहितीत शोध घेऊ देणाऱ्या सर्च इंजिनांची तुलना इंग्रजी नमुना-मजकुरावर केली आणि तिथेच आमचे चुकले. ही तिन्ही इंजिने ल्यूसीन या एकाच लायब्ररीवर (तयार प्रोग्रॅम-संचावर) उभी असल्याने वेगाच्या आकड्यांतून फारसे काही हाती लागले नाही. मात्र खरा माल भरल्यावर ‘चादर’ असे शोधले, तर ‘चादरींचा संच’ निकालात येईना.

याचे कारण मराठीच्या घडणीत आहे. आपल्याकडे प्रत्यय शब्दाला जोडून येतात आणि सामान्यरूपात मूळ शब्दही बदलतो: ‘सोलापूर’मधला दीर्घ ऊकार ‘सोलापुरात’मध्ये ऱ्हस्व होतो, त्यामुळे सुरुवातीची अक्षरे जुळवणारा शोधही तिथे फसतो. ल्यूसीनमध्ये हिंदी, बंगाली, तमिळ, तेलुगू यांचे, मजकूर शोधण्याजोग्या शब्दांत मोडणारे अ‍ॅनालायझर आहेत, मराठीचा नाही. म्हणून अनेक जण हिंदीचा अ‍ॅनालायझर जसाच्या तसा लावतात. त्यातला स्टेमर, म्हणजे शब्दाचे मूळ रूप काढणारा भाग, हिंदी प्रत्यय तोडतो. ‘च्या’, ‘साठी’ हे प्रत्यय त्याला ठाऊक नाहीत. त्या अ‍ॅनालायझरमधला नॉर्मलायझर, म्हणजे लेखनभेद एकसारखे करणारा भाग, मात्र जरूर ठेवावा, कारण तो दीर्घ इकार-उकार ऱ्हस्व करतो आणि ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन वेगळ्या युनिकोड पद्धतींनी टाइप झाला असला, तरी त्याचे एकच रूप करतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतला फरक त्यात पुसला जातो. मालसूचीसाठी हे चालते, कवितासंग्रहाच्या शोधासाठी चालणार नाही.

प्रत्ययांसाठी आम्ही नेहमीच्या शब्दरूपांची त्यांच्या मूळ रूपांसह यादी करून ती स्टेमर ओव्हरराइड फिल्टरमध्ये (स्टेमरऐवजी ही यादी वापरणाऱ्या भागात) दिली. हा फिल्टर नॉर्मलायझरच्या आधी ठेवावा. नंतर ठेवल्यास यादीतील ‘चादरीचा’ हे दीर्घ रूप तोवर बदललेले असते आणि जुळत नाही. शंका आली की अ‍ॅनालाइझ एपीआयला (ही तपासणी करणाऱ्या सुविधेला) तो शब्द देऊन नेमके कोणते टोकन, म्हणजे शोधासाठी साठवले जाणारे रूप, तयार होते ते पाहावे. आमचा निम्मा गोंधळ एवढ्यानेच सुटला.

फझी शोध, म्हणजे थोडा फरक असलेले शब्दही जुळवणारा शोध, हा यावरचा उपाय नव्हे. इलास्टिकसर्च जास्तीत जास्त 2 बदल मान्य करते, तर ‘चादर’पासून ‘चादरीचा’ 3 चिन्हे दूर आहे. उलट ‘चाकर’ एकाच बदलावर असल्याने तो मात्र निकालात येतो.

परवान्याकडेही लक्ष द्यावे. इलास्टिकसर्चने 2021 मध्ये अपाची हा मुक्त-स्रोत परवाना सोडला, त्यातून ओपनसर्चची वेगळी शाखा निघाली. 2024 मध्ये इलास्टिकसर्चने एजीपीएल या मुक्त-स्रोत परवान्याचा पर्याय दिला.

एकाच सर्व्हरवर इलास्टिकसर्च चालवताना इंडेक्सची (शोधासाठी साठवलेल्या माहितीची) स्थिती पिवळी दिसली, तर घाबरून पुन्हा इन्स्टॉल करू नये. इंडेक्सच्या प्रत्येक शार्डची (तुकड्याची) एक प्रत दुसऱ्या नोडवर (सर्व्हरवर) ठेवायची असते आणि तो नोडच नसतो, एवढाच त्याचा अर्थ. रेप्लिकांची (अशा प्रतींची) संख्या 0 केली की स्थिती हिरवी होते. नवा माल भरणे अचानक बंद पडले, तर आधी डिस्क तपासावी. ती 95 टक्के भरली की इंडेक्सवरील लेखन थांबवले जाते. आवृत्ती 7.4 पासून पुरेशी जागा मोकळी झाल्यावर ही बंदी आपोआप उठते. त्याआधीच्या आवृत्त्यांत ती सेटिंगमधून हाताने काढावी लागते.