बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेनंतरची पहिली सहल: आधी पाण्याचं बघा

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या घरात सहलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "तिकडे खायला काय मिळेल?" प्रश्न रास्त आहे, पण त्याच्या आधी पाण्याचा प्रश्न येतो. शस्त्रक्रियेनंतर घरी गेलेल्यांना पुन्हा दवाखान्यात भरती व्हावं लागतं, त्याच्या नेहमीच्या कारणांमध्ये शरीरातलं पाणी कमी होणं हे वरच्या क्रमांकाचं कारण आहे. प्रवासात तर हे फार सहज घडतं. उन्हात फिरणं होतं, स्वच्छतागृह कुठे मिळेल या काळजीने पाणी टाळलं जातं आणि गप्पांच्या नादात बाटली पिशवीतच राहते.

पूर्वी दुपारी राहिलेलं पाणी संध्याकाळी गटागटा पिऊन भरून काढता यायचं. आता ते जमत नाही. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा मोठा भाग काढून टाकतात, त्यानंतर उरलेलं जठर साधारण १०० ते १५० मिलिलिटरचं असतं. बायपासमध्ये (हृदयाच्या नव्हे, जठराच्या) जठराच्या वरच्या भागाची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात, ती जेमतेम ३० मिलिलिटरची. म्हणून सहलीचा आराखडा प्रेक्षणीय स्थळांवरून आखण्याआधी घोटांवरून आखा.

निघायचं कधी

पहिले चार ते सहा आठवडे सहल नको, हे माझं स्पष्ट मत आहे. विमान कंपनीने प्रवासाला परवानगी दिली म्हणजे शरीर सुट्टीला तयार झालं असं होत नाही. पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा आणि ती फुप्फुसात जाण्याचा धोका पहिल्या महिन्यात सर्वाधिक असतो. चार तासांपेक्षा जास्त वेळ एका जागी बसून केलेला प्रवास तो आणखी वाढवतो, मग ते विमान असो, बस असो की गाडी. शिवाय या काळात आहार पातळ पदार्थांवरून वाटलेल्या आणि मग मऊ पदार्थांवर सरकत असतो. दर काही दिवसांनी पोटाची नवी परीक्षा चालू असताना अनोळखी स्वयंपाकघरावर अवलंबून राहणं कठीण जातं.

घट्ट आहार सुरू होऊन दोन-तीन आठवडे सुरळीत गेले की, म्हणजे अनेकांच्या बाबतीत दोन-अडीच महिन्यांनी, जवळची छोटी सहल करायला हरकत नसते. लांबचा किंवा परदेशचा प्रवास तीन महिन्यांनंतर ठेवलेला बरा. मात्र अंतिम शब्द तुमच्या सर्जनचा. एखादी गुंतागुंत झाली असेल किंवा पूर्वी कधी गुठळी झाली असेल, तर हे वेळापत्रक तुम्हाला लागू नाही.

डॉक्टरांकडची फेरी

निघण्याच्या दोन-तीन आठवडे आधी भेट घ्या. एका पानाचं पत्र मागा. त्यात शस्त्रक्रियेचा नेमका प्रकार (स्लीव्ह, रू-एन-वाय बायपास, मिनी बायपास), तारीख, चालू औषधं, अ‍ॅलर्जी आणि सर्जनचा फोन नंबर हवा. परदेशी जात असाल तर पत्र तिथे समजेल अशा भाषेत घ्या आणि त्याचा फोटो सोबतच्या माणसाच्या मोबाइलमध्येही ठेवा.

मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधं घेत असाल तर त्यांचे डोस याच भेटीत पुन्हा तपासून घ्या. वजन उतरतं तसे हे डोस बहुधा कमी करावे लागतात. जुनाच डोस चालू ठेवून दिवसभर चालणं झालं, तर साखर किंवा रक्तदाब एकदम खाली जाऊ शकतो. लांबच्या प्रवासासाठी दाब देणारे मोजे किंवा रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन हवं का, तेही विचारा. स्वतःच्या मनाने यातलं काही सुरू करू नका.

प्रवास विमा काढताना शस्त्रक्रिया लपवू नका. नंतर पोटाच्या कुठल्याही तक्रारीवर दावा केला, तर तो याच कारणाने नाकारला जाऊ शकतो. आणखी एक, चेहरा बराच उतरला असेल तर पासपोर्टवरच्या फोटोशी तो जुळतो का ते पाहा. गरज वाटली तर फोटो वेळेत बदलून घ्या.

बॅगेत काय हवं

औषधं आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात आणि परतीला उशीर झाला तरी पुरतील इतक्या ठेवा. सुट्टीत गोळ्यांनाही सुट्टी असं अनेकांकडून होतं. तसं होऊ देऊ नका, कारण आता अन्नातून मिळणारं पोषण पुरत नाही. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं तर लोहाचं शोषण बिघडतं, म्हणून त्यांच्यात किमान दोन तासांचं अंतर राखा. वेगळ्या वेळेच्या देशात जाताना हे अंतर हमखास चुकतं. मोबाइलवर गजर लावून टाका.

प्रथिनांची पावडर एकेका मापाच्या छोट्या पाकिटांत भरून न्या. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात आणि प्रवासाच्या दिवशी ती जेवणातून पूर्ण होणं अवघड असतं. हलवायची बाटली, एक लहान चमचा आणि ओआरएसची काही पाकिटं घ्या.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ठेवा. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारखी वेदनाशामकं टाळायची असतात, विशेषतः बायपासनंतर, कारण त्यांनी जठर आणि आतडं जोडलेल्या जागी अल्सर होऊ शकतो. सहलीत पाय मुरगळला की कोणीतरी प्रेमाने नेमकी तीच गोळी पुढे करतं, तेव्हा आधी नाव वाचा. हृदयासाठी डॉक्टरांनी अ‍ॅस्पिरिन दिली असेल तर ती मात्र परस्पर बंद करू नका.

जड बॅग उचलून वर ठेवायचं काम दुसऱ्याला द्या. टाके आतून भरून यायला बाहेरून दिसतं त्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

प्रवासाचा दिवस

कडेची सीट घ्या. दर तासा-दीड तासाने उठून चाला. उठता येत नसेल तर टाचा आणि चवडे आळीपाळीने उचलत पोटऱ्या हलत्या ठेवा. गाडीने जात असाल तर दर दोन तासांनी थांबा. पट्टा पोटावर रुतत असेल तर मध्ये मऊ उशी धरा, पण पट्टा काढू नका. शस्त्रक्रियेतल्या बारीक धातूच्या पिना टायटॅनियमच्या असतात, सुरक्षा तपासणीत त्या सहसा वाजत नाहीत. मोठी पाण्याची बाटली मात्र अनेक विमानतळांवर आत नेऊ देत नाहीत. रिकामी बाटली न्या आणि तपासणीनंतर भरून घ्या.

घोटांचा हिशेब

दिवसाचं लक्ष्य साधारण दीड ते दोन लिटर. एक लिटरची बाटली घ्या आणि तिच्यावर पेनाने चार रेघा मारा. पहिली रेघ सकाळी दहापर्यंत, दुसरी दुपारी एकपर्यंत, तिसरी चारपर्यंत, चौथी संध्याकाळी सातपर्यंत. उरलेलं सूप, ताक, साखर नसलेला पातळ चहा यांतून येईल. उन्हात फिरणार असाल किंवा डोंगर चढणार असाल तर लक्ष्य वाढवा. एकदम पिऊ नका. एक लहान घोट, मग दोन-तीन मिनिटांनी दुसरा. जेवताना पाणी नाही आणि जेवण झाल्यावर अर्धा तास तरी नाही, हा नियम सहलीतही तोच.

लघवी गडद पिवळी झाली, तोंड कोरडं पडलं, उभं राहिल्यावर भोवळ आली, तर त्या दिवसाची पुढची ठिकाणं रद्द करा आणि सावलीत बसून घोट घेत राहा. मला यात कसलीही तडजोड मान्य नाही. ठिकाण उद्याही तिथेच असतं.

फसफसणारी पेयं नकोत. पहिल्या सहा महिन्यांत तरी मद्य टाळा. बायपास आणि स्लीव्ह दोन्हींनंतर ते रक्तात लवकर पोहोचतं आणि पूर्वी ज्या मापाने काही होत नसे त्यानेच तोल जातो.

जेवणाच्या टेबलावर

खाद्यपदार्थांनी भरलेलं लांबच लांब टेबल समोर असतं आणि सगळे मनसोक्त वाढून घेत असतात. या क्षणाचं अनेकांना वाईट वाटतं, आणि ते वाटणं खरं आहे. एक लहान ताटली घ्या. आधी प्रथिनं: अंडं, मासा, दही, मऊ चीज, शिजवलेली कडधान्यं. मग भाजी. ब्रेड, कोरडं मांस, चिकट भात अडकतात, त्यांना शेवटची जागा. वाटाण्याएवढा घास तोंडात टाका, चमचा खाली ठेवा आणि घासाचा अगदी लगदा होईपर्यंत चावा.

पोट भरल्याची खूण आता वेगळी असते. कुणाला उचकी लागते, कुणाला एक शिंक येते, कुणाच्या नाकातून पाणी वाहू लागतं, कुणाला छातीच्या मधोमध हलका दाब जाणवतो. ही खूण आली की थांबा. चव कितीही आवडली असली तरी पुढचा घास बहुधा उलटीच्या रूपाने परत येतो. सोबतच्या लोकांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, "मला आग्रह करू नका, मी ताटात टाकलं तरी वाईट वाटून घेऊ नका."

गोड पदार्थांबाबत, बायपास झालेल्यांनी जास्त जपावं. साखर वेगाने आतड्यात उतरली की खाल्ल्यावर १० ते ३० मिनिटांत धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब होऊ शकतात. काहींना एक ते तीन तासांनी साखर घसरून थरथर आणि चक्कर येते. असं झालं तर बसा. थरथर साखर घसरल्याची असेल, तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मापात ग्लुकोज घ्या आणि मागाहून थोडी प्रथिनं खा.

पाणी, ऊन आणि बाकीचं

जखमा पूर्ण कोरड्या होऊन डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय तलावात किंवा समुद्रात उतरू नका. व्रणांवर सनस्क्रीन लावा, ऊन लागलं तर ते गडद होतात. चरबी कमी झाल्याने थंडी जास्त वाजते, तेव्हा एक जास्तीचा स्वेटर असू द्या. गर्भधारणा साधारण १२ ते १८ महिने टाळायला सांगतात. उलट्या-जुलाबांत गर्भनिरोधक गोळ्यांवर भरवसा राहत नाही, आणि बायपासनंतर तर एरवीही तो कमीच. दुसरा उपाय आधीच ठरवून ठेवा.

केव्हा सहल थांबवायची

जुलाब लागले तर ओआरएस चमच्या-चमच्याने सुरू करा. काही तास पाण्याचा घोटही पोटात टिकत नसेल तर वाट पाहू नका, सलाइन लागेल. पुढील लक्षणांत थेट आपत्कालीन विभाग गाठा: पोटात न थांबणारी किंवा पुन्हा पुन्हा येणारी जोरदार कळ, ताप, बसल्या जागी १२० च्या पुढची नाडी, श्वास लागणं, छातीत दुखणं, एका पायाला सूज आणि दुखरेपणा, काळी शौच. बायपासनंतर येऊन-जाऊन होणारी तीव्र पोटदुखी आतडं अडकल्याची असू शकते, म्हणून 'आता थांबली' म्हणून सोडून देऊ नका. उजव्या बरगडीखालची कळ पित्ताच्या खड्यांची असू शकते, वजन झपाट्याने उतरताना ते होतात.

तिथल्या डॉक्टरांना दारातच सांगा: कोणती शस्त्रक्रिया, किती महिने झाले. आणि पत्रात या दोन ओळी आधीच लिहून घ्या, कारण अनोळखी दवाखान्यात त्या कुणाला सुचतीलच असं नाही. नाकातून जठरात नळी अंदाजाने घालू नये, आधी बॅरिअ‍ॅट्रिक सर्जनशी बोलावं. आणि बरेच दिवस उलट्या होत असतील तर ग्लुकोजचं सलाइन लावण्याआधी थायमिन (जीवनसत्त्व बी-१) द्यावं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.