चाचणीचे गुण भरून झाले, आता ते वाचायचे कसे?

गुण भरून ‘जतन करा’ दाबलं की शाळेचं सॉफ्टवेअर बहुधा लगेच रंगीत आलेख समोर ठेवतं. तो पाहण्याची घाई करू नका. आधी भरलेली माहिती तपासा, कारण चुकीच्या नोंदींवरचा आलेखही तितकाच देखणा दिसतो.

१. नोंदी स्वच्छ करा. सगळ्यात महागात पडते ती गैरहजरांच्या रकान्यातली शून्यं. समजा, चौघांना ५०, ६०, ७० आणि ८० गुण आहेत आणि पाचवा आलाच नव्हता. त्याचा रकाना रिकामा असेल तर सरासरी ६५ येते. तिथे शून्य टाकलं तर ५२. शिकवण्यात काहीही न बदलता वर्ग तेरा गुणांनी घसरला! सॉफ्टवेअरमध्ये ‘गैरहजर’ अशी वेगळी खूण असेल तर तीच वापरा. शिवाय कमाल गुणांपेक्षा जास्त गुण कुणाच्या नावावर पडलेत का आणि एकच विद्यार्थी दोनदा आलाय का, हेही पाहून घ्या.

२. सरासरीवर थांबू नका. दोन तुकड्यांची सरासरी ६२ असू शकते. पण एकीत सगळे ५५ ते ७०च्या दरम्यान असतील आणि दुसरीत निम्मे नव्वदीजवळ, निम्मे पस्तिशीच्या आसपास. या दोन वर्गांना एकच उजळणी देऊन चालणार नाही. म्हणून अहवालात मध्यक (गुण चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा गुण), प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून साधारण किती दूर पसरलेत त्याचं माप) आणि गुणगटांनुसार विद्यार्थीसंख्या हे पर्याय निवडा. सॉफ्टवेअर ते देत नसेल तर गुण एक्सेल फाइलमध्ये उतरवून घ्या. तिथे मध्यकासाठी मीडियन आणि प्रमाण विचलनासाठी एसटीडेव्ह ही सूत्रं तयारच असतात.

३. तुलना बरोबरीची करा. तुकड्यांची तुलना करायची तर प्रश्नपत्रिका एकच हवी आणि तपासण्याची पद्धतही सारखी. वेगवेगळ्या विषयांचे गुण मात्र थेट शेजारी ठेवू नयेत. एखाद्याला गणितात ६० आणि विज्ञानात ७० मिळाले, तर तो विज्ञानात पुढे आहे असं वाटतं. पण गणिताची वर्गसरासरी ५० व प्रमाण विचलन १० असेल, आणि विज्ञानाची सरासरी ७५ व प्रमाण विचलन ५, तर तो गणितात वर्गसरासरीच्या एक पायरी, म्हणजे एक प्रमाण विचलन, वर आहे आणि विज्ञानात एक पायरी खाली. हिशेब सोपा आहे: गुणांतून सरासरी वजा करा आणि उरलेल्याला प्रमाण विचलनाने भागा.

४. प्रश्ननिहाय अहवाल उघडा. माझ्या मते खरं काम इथेच आहे, आणि नेमका हाच अहवाल सहसा कुणी उघडत नाही. त्यासाठी एकूण गुणांबरोबर प्रत्येक प्रश्नाचे गुणही भरावे लागतात. कंटाळवाणं आहे, पण त्याशिवाय पुढचं काहीच कळत नाही. आधी प्रत्येक प्रश्न किती टक्के मुलांना आला ते पाहा. मग एकूण गुणांनुसार वरचा गट आणि खालचा गट पाडा. १९३९ मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ट्रुमन केली यांनी या गटांसाठी वरच्या आणि खालच्या प्रत्येकी २७ टक्के मुलांचं प्रमाण सुचवलं आणि तेच रूढ झालं. ३७ जणांच्या वर्गात ते दहा-दहा होतात. वरच्या दहांपैकी नऊ आणि खालच्या दहांपैकी चार जणांचं उत्तर बरोबर असेल, तर नवातून चार वजा करून दहाने भागल्यावर फरक ०.५ येतो, म्हणजे प्रश्न उत्तम. फरक शून्याच्या जवळ असेल तर प्रश्न सगळ्यांना सोपा गेला, सगळ्यांना अवघड गेला किंवा त्याची भाषा संदिग्ध आहे. आणि खालच्या गटानेच तो जास्त सोडवला असेल, तर मुलांना बोल लावण्याआधी उत्तरतालिका तपासा.

एकाच घटकाचे तीन-चार प्रश्न दोन्ही गटांना अडले असतील, तर तो घटक पुन्हा शिकवायला घ्या. फक्त खालच्या गटाला अडले असतील, तर तेवढ्याच मुलांना वेगळं बसवा.

५. पुढच्या चाचणीशी जोडा. प्रगती मोजताना दोन्ही चाचण्यांना हजर असलेलीच मुलं धरा. पहिल्या खेपेला अगदी तळाला असलेल्यांचे गुण पुढच्या वेळी काही न करताही थोडे वर येण्याची शक्यता असते, कारण त्या दिवशीचं दुर्दैव दरवेळी सोबत नसतं. तेव्हा एका चाचणीतल्या उडीवरून उजळणी यशस्वी ठरवू नका. तिसऱ्या चाचणीची वाट पाहा.

६. अहवाल वाटताना पालकांना त्यांच्याच मुलाचे गुण आणि वर्गाचा मध्यक दाखवा, नावांची यादी नको. तीन-चार मुलांच्या गटाची सरासरीही जाहीर करू नका. तेवढ्यावरून कोण कुठे आहे ते सहज ओळखता येतं.