गव्हाला युरिया देण्याआधी मुळं बघा

बागायती गव्हाला नत्राचा दुसरा हप्ता पेरणीनंतर 21 दिवसांनी द्यायचा, हे शेतकऱ्यांना तोंडपाठ असतं. पण 21च दिवस का? बी उगवताना दाण्यातून मोजकी बारीक मुळं निघतात आणि सुरुवातीला रोप त्यांच्यावरच भागवतं. तीन आठवड्यांच्या आसपास मातीत दोन-तीन सेंटिमीटर खाली असलेल्या पेरातून जाड मुळं फुटू लागतात. हीच मुकुटमुळं. फुटवे आणि ओंब्या पोसायला लागणारं नत्र मुख्यतः त्यांच्यामार्फत येतं. म्हणून तारखेपेक्षा मुळांवर भरवसा ठेवा.

पेरताना: बी 5-6 सेंटिमीटर खोल पडू द्या. अर्धं नत्र आणि सगळं स्फुरद व पालाश पेरून द्या. स्फुरद मातीत फारसं हलत नाही, ते कोवळ्या मुळांच्या जवळच हवं.

18व्या दिवशी: शेतात चार-पाच ठिकाणी कुदळीने वीतभर खोल मातीसकट रोप काढा. उपटू नका, बारीक मुळं तुटतात. ढेकूळ बादलीभर पाण्यात भिजू द्या आणि माती हळूच धुऊन काढा.

आता नीट बघा. पेरातून पांढरी, टवटवीत मुळं डोकावत असतील तर वेळ झाली. ती दिसत नसतील आणि वरची माती कोरडी असेल, तर पाण्याचा ताण वाढवू नका. ताण दिला की मुळं खोल जातात, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात; गव्हाच्या या अवस्थेत मात्र ते नुकसानीचं ठरतं. मुकुटमुळं वरच्याच थरात जन्मतात, तो थर सुकलेला असला की त्यांची वाढ तिथेच खुंटते. फुटवे कमी येतात आणि पुढे कितीही खत टाकलं तरी ते उचलायला मुळं नसतात. पहिलं पाणी 18 ते 21 दिवसांत द्यायला सांगतात ते याचसाठी.

मुळं तपकिरी, मऊ आणि कुजका वास येणारी असतील तर पाणी साचलंय. हवा नसलेल्या मातीत मुळं नत्र घेत नाहीत, शिवाय नायट्रेटचा वायू होऊन उडून जातो. आधी पाण्याचा निचरा करा, वाफसा येऊ द्या, युरिया नंतर.

मुळं एका खोलीवर आडवी वळलेली दिसली, तर खाली घट्ट थर आहे. यंदा त्यावर इलाज नाही. उन्हाळ्यात खोल नांगरट करा.

हप्ता देताना: आधी खुरपणी उरका, नाहीतर तणच खत खाईल. हेक्टरी 120 किलो नत्राची शिफारस धरली तर उरलेलं 60 किलो म्हणजे 130 किलो युरिया, एकरी साधारण 52-53 किलो. युरिया पसरून लगेच हलकं पाणी द्या. आपल्या काळ्या जमिनी बहुधा विम्लधर्मी, म्हणजे अल्कधर्मी. अशा जमिनीवर युरिया उघड्यावर राहिला तर त्यातला अमोनिया हवेत जातो. पाटाने भरपूर पाणी सोडणंही तितकंच वाईट, कारण युरियापासून पुढे तयार होणारं नायट्रेट पाण्याबरोबर मुळांच्या खाली उतरतं. हलक्या जमिनीत हा धोका मोठा असतो. तिथे या हप्त्याचे दोन भाग करा, दुसरा कांडी धरताना, 40-45 दिवसांनी.

दहा-बारा दिवसांनी पुन्हा एखादं रोप काढून बघा. खालची जुनी पानं आधी पिवळी पडत असतील तर नत्र कमी पडतंय. मुळंही खुरटलेली असतील तर जमिनीत आणखी युरिया टाकू नका; 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया विरघळवून संध्याकाळी पानांवर फवारा.