विमच्या मदतपानात 0, प्रत्यक्षात 5

विम या टेक्स्ट एडिटरच्या मदतपानात 'स्क्रोलऑफ'ची (कर्सरच्या वर-खाली किमान किती ओळी दिसाव्यात, ती सेटिंग) मूळ किंमत 0 दिसली, पण माझा कर्सर खालच्या काठापासून पाच ओळी वरच अडायचा. टॅबची रुंदी चार करायला एका ओळीची विमआरसी (स्वतःच्या सेटिंग्जची फाइल) केली, तर स्क्रोलऑफ खरंच 0 झालं आणि मजकुराचे रंगही गेले!

विमआरसी बाजूला ठेवून 'व्हर्बोज सेट स्क्रोलऑफ?' (किंमत कुठून आली ते सांगणारी आज्ञा) विचारलं, तेव्हा स्क्रोलऑफ 5 करणारी आणि रंग लावणारी विमचीच फाइल, डिफॉल्ट्स.विम, सापडली. 8.0 (2016) पासून, स्वतःची विमआरसी नसेल तरच ही फाइल आपोआप चालते. विमआरसी रिकामी असली तरी डिफॉल्ट्स.विम वगळली जाते. मदतपानात त्याच ओळीत 'डिफॉल्ट्स.विममध्ये 5' असा उल्लेखही होता, मीच शून्यावर थांबलो. विमआरसीच्या पहिल्या ओळीत 'सोर्स' आज्ञेने डिफॉल्ट्स.विम जोडली. रंग परत आले.