परसातल्या एअरगनसाठी लोखंडी चकती: टांगायची कशी

कागदावर नेम धरून कंटाळा आला की प्रत्येकाला वाजणारं आणि हलणारं निशाण हवंसं वाटतं. मग कुणीतरी हमखास सांगतं, "घरातला जुना तवा टांग की." तवा टांगू नका. तो मधोमध खोलगट असतो. त्या खोलगट भागावर आपटलेलं शिसं कडेने वळून थेट तुमच्याकडे परत येतं. बिडाचा तवा असला तर तडकतोही. पत्र्याचे डबे, स्टीलची ताटं, काचेच्या बाटल्या हेही नको. पत्र्याला पोचा पडतो आणि पुढचा छर्रा त्या पोच्यातून कुठे उडेल ते कुणालाच सांगता येत नाही.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आमच्या राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्य मिळवलं. तेव्हापासून माझ्याकडे भाचे-पुतणे आणि त्यांचे मित्र 'चकती लावून द्या' म्हणत येतात. त्या सगळ्यांना जे सांगतो तेच इथे लिहितोय. हे सगळं परवाना न लागणाऱ्या एअरगनसाठी आहे, म्हणजे ०.१७७ इंच बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलच्या आतली ताकद. पाखरांवर नेम धरणाऱ्यांनी पुढे वाचू नये.

चकती एमएस (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद) प्लेटची घ्या, ६ मिमी जाड आणि १० सेंटिमीटर व्यासाची. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातून कापून आणतो, पण कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडे असा तुकडा भंगारात पडलेला असतो. कडांचा बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कुसळं, ग्राइंडरने काढून घ्या. याहून महाग पोलाद लागत नाही. ६ मिमीच्या प्लेटवर शिशाचा छर्रा चपटा होऊन गळून पडतो आणि प्लेटला ओरखडाही उठत नाही. लहान चकती दिसायला छान, पण ५ सेंटिमीटरची चकती जेमतेम नव्वद ग्रॅम भरते. एका छर्‍यात उलटी होते आणि साखळी वरच्या आडव्या दांड्याला गुंडाळून बसते. १० सेंटिमीटरची चकती पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास भरते, दोन-तीन सेंटिमीटर झुलते आणि जागेवर येते. आपल्याला तेवढंच हवं.

आता टांगणं. माझी दोन वर्षं इथेच गेली, म्हणून इथे घाई करू नका.

पहिल्यांदा मी सगळ्यांसारखंच केलं. वरच्या कडेला एक भोक, त्यात एक साखळी, चकती उभी सरळ. एका साखळीवर चकती गरगरते, थांबते तेव्हा तिचं तोंड कुठेही असतं, आणि तिरक्या चकतीवरून छर्रा बाजूला निसटतो. एका संध्याकाळी पहिला छर्रा लागला, चकती झुलत होती, आणि मी त्या नादात लगेच दुसरा मारला. चकती नेमकी पुढे येत होती, म्हणजे तिचं तोंड आभाळाकडे. छर्रा कुंपणाच्या भिंतीवरून पलीकडे गेला. शेजारच्या काकू गच्चीवर सांडगे घालत होत्या, त्यांच्या परातीवर तो वाजला. त्यांना लागलं नाही. पण तो आवाज मला इकडे परसात ऐकू आला आणि माझे हातपाय गार पडले. त्यानंतर कित्येक महिने मी बंदूक बाहेर काढली नाही.

तेव्हा दोन गोष्टी पक्क्या. चकतीचं तोंड कायम जमिनीकडे झुकलेलं हवं, १५ ते २० अंश. आणि ती झुलत असताना कधीही मारायचं नाही.

तोंड खाली झुकवायला पाचर, तार, स्प्रिंग काही लागत नाही. चकतीला पुढून भोकच पाडू नका. मागच्या बाजूला दोन कड्या वेल्ड करून घ्या, मध्यबिंदूपासून ३० मिमी वर आणि एकमेकींपासून ५० मिमी अंतरावर. साखळी जिथे अडकते ती जागा चकतीच्या पाठीपासून ८ मिमी मागे आली पाहिजे. वजन नेहमी टांगलेल्या जागेच्या बरोबर खाली यायला बघतं. टांगलेली जागा मागे असल्यामुळे चकतीचा खालचा भाग मागे सरकतो आणि वरची कड आपल्याकडे वाकते. आमच्या वेल्डरने पहिल्यांदा विचारलं होतं, "मागं कशाला ओ? सरळ भोक मारून देतो की." त्याला समोर टांगून दाखवलं, मग पटलं. पुढून भोक पाडलं की बोल्टचं डोकं पुढे येतं, आणि त्या गोल डोक्यावर बसलेला छर्रा कुठेही जातो.

टांगल्यावर अंदाजाने सोडू नका, ओळंब्याने तपासा. दोरी चकतीच्या वरच्या कडेला पुढून टेकवा. खालची कड दोरीपासून साधारण तीन सेंटिमीटर मागे दिसली पाहिजे. अडीचपेक्षा कमी भरलं तर कडी आणखी मागे घ्यायला सांगा. दोन्ही साखळ्यांच्या कड्या मोजून सारख्या ठेवा, नाहीतर चकती एका खांद्यावर कलते.

आडवा दांडा म्हणून जाड बांबू किंवा लाकडी रीप वापरा. लोखंडी पाइप नको. चुकलेला छर्रा पाइपच्या गोलाईवरून कुठेही उडतो, लाकडात तो रुतून बसतो.

मागे वाळूची पोती हवीतच, किमान एक फूट जाड, आणि चकतीच्या चारही बाजूंना दोन-दोन फूट जास्त. वीटबांधकाम म्हणजे आडोसा नव्हे. गिलावा उडतो आणि छर्राही परततो. आमच्याकडे फाउंड्रीची वापरलेली काळी वाळू सहज मिळते. ती चाळून घ्या, तिच्यात लोखंडाचे खडे असतात. प्लास्टिकची पोती उन्हाने वर्षभरात भुगा होतात, म्हणून वर जुनं गोणपाट घाला.

अंतर १० मीटर, त्याहून कमी नाही. छर्रे फक्त शिशाचे, चपट्या तोंडाचे. स्टीलच्या गोळ्या चकतीवर कधीच मारू नका, त्या चपट्या होत नाहीत, आल्या वाटेने परत येतात. डोळ्यांना पॉलिकार्बोनेटचा गॉगल. मारणाऱ्यालाही आणि शेजारी उभं राहून बघणाऱ्या पोरालाही. नेहमीचा नंबरचा चष्मा त्याच्या जागी चालत नाही.

चकतीखाली पत्र्याचा ट्रे ठेवा. चपटं झालेलं शिसं पावलीसारखं चकचकीत दिसतं आणि कोंबड्या ते दाणे समजून टिपतात. शिसं विषारी आहे. माझी एक कोंबडी अशीच गेली असावी असा मला दाट संशय आहे, आणि तेव्हापासून परसात बंदूक निघाली की कोंबड्या खुराड्यात असतात. विहिरीजवळ, अळूच्या वाफ्याजवळ ही मांडणी करू नका. काम झालं की ट्रे डब्यात रिकामा करून हात साबणाने धुवा, मगच चहा.

रंगासाठी ऑइलपेंट आणू नका, त्याचे पोपडे उडतात. चुन्याची निवळी न करता घट्टसर चुनाच ब्रशने फासा. पाच मिनिटांत वाळतो, छर्रा लागेल तिथे काळा ठिपका स्पष्ट उमटतो, आणि दहा-पंधरा ठिपके झाले की पुन्हा एक हात. त्याच वेळी चकती बोटांनी चाचपून बघा. खड्डा लागला, कड वळलेली वाटली, तर ती भंगारात टाका आणि नवी कापून आणा.