चीजचा पाट मांडण्याआधी रेनेट विचारा

डिसेंबरात गच्चीवर दहा-बारा माणसं जमणार असली की मी आता चार दिवस आधी तयारीला लागते, आणि सुरुवात पाट-सुरीपासून न करता पाकिटावरच्या बारीक अक्षरांपासून करते. गेल्या वर्षी तेवढंच राहिलं. भाच्याने इटलीहून पार्मेजानोचा तुकडा आणला होता, मी तो कौतुकाने मधोमध ठेवला, आणि मावशीने काकवी लावून तीन तुकडे आवडीने खाल्ले. मग एका पाहुण्याने सहज सांगितलं की हे चीज वासराच्या जठरातल्या रेनेटशिवाय बनतच नाही. मावशी जन्माची शाकाहारी. ती कुणाला काही बोलली नाही. उठली, चूळ भरून आली आणि नंतर पेरूच्या फोडींशिवाय कशालाच तिने हात लावला नाही. वर्ष झालं, तरी ते मला विसरता आलेलं नाही.

तेव्हा आधी रेनेट. दूध घट्ट बसवणारं हे विकर परंपरेने दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातून काढतात. पार्मेजानो रेज्जानोच्या नियमांत वासराचंच रेनेट सक्तीचं आहे; कोंते, ग्रुयेर आणि मेंढीच्या दुधाचं रॉकफोर्टही प्राण्यांच्याच रेनेटवर जमवतात. शाकाहारी पर्याय भरपूर आहेत. बुरशीपासून काढलेलं रेनेट असतं, 1990 पासून किण्वनाने बनवलेलं कायमोसिन, म्हणजे रेनेटमधलं मुख्य विकर, वापरात आहे, आणि पोर्तुगालचं सेरा द एश्त्रेला तर काटेरी रानफुलाच्या स्त्रीकेसरांनी जमवतात. आपल्याकडच्या पाकिटावर हिरवा ठिपका असतो, तो बघा. परदेशातून कुणी आणलेल्या तुकड्यावर तो नसतो. इटालियन पाकिटावर ‘काल्यो’, फ्रेंचवर ‘प्रेझ्यूर’ असा शब्द सापडेल. त्यापुढे काहीच खुलासा नसेल तर ते प्राण्याचं समजून चाला. दुकानात मोठ्या चाकातून कापून देतात त्या तुकड्याला पाकीटच नसतं. तिथे मूळ वेष्टन दाखवायला सांगा, मागे रांग असली तरी. ‘चीज म्हणजे व्हेजच ना’ या उत्तरावर समाधान मानू नका. पनीर लिंबाने किंवा व्हिनेगरने फाडतात, म्हणून त्याची काळजी नाही. पण पारशी घरांतलं टोपली पनीर नावाला पनीर, ते रेनेटने जमवतात. तिथेही विचारा.

प्रमाण: पुढे जेवण असेल तर माणशी 50 ग्रॅम पुरे, चीज हेच जेवण असेल तर 100. चारच प्रकार घ्या. एक कडक आणि मुरलेलं, एक मऊ सालीचं, एक ताजं शेळीच्या दुधाचं, एक निळं, म्हणजे निळ्या बुरशीचं. सात-आठ प्रकार मांडले की लोक नुसते चाखत फिरतात, कशाचीच चव लक्षात राहत नाही.

पाट लाकडाचा, जाड, वास नसलेला. नवं पॉलिश केलेला नको. पोळपाट चालतो, पण ज्यावर लसूण ठेचलाय तो नाही. आणि पाट दोन हवेत. प्राण्यांच्या रेनेटचं काही ठेवायचंच असेल तर ते दुसऱ्या पाटावर, दुसऱ्या सुरीने, वेगळ्या टेबलावर. मधे अंजिरांची रांग लावून भागत नाही. सुरी इकडून तिकडे जातेच.

सोबतीला विकतची खारी बिस्किटं शोधत बसू नका. सोलापुरी कडक भाकरी हाताने मोडा. ज्वारीची ती खरपूस चव मुरलेल्या चेडरला जशी लागते तशी मैद्याची कुठलीच चकती लागत नाही. शेंगाचटणी मात्र लांब ठेवा, लसूण सगळं गिळून टाकतो. थंडीत पुरंदरची खट्ट्या बहाराची अंजिरं येतात, ती उभी चिरून शेळीच्या चीजशेजारी. निळ्यावर काकवीची धार. गोव्याकडचं कुणी नाताळात येणार असेल तर पेराद आणायला सांगा. पेरूची ती घट्ट वडी पातळ कापून कडक चीजवर ठेवायची. पोर्तुगीज लोक मार्मेलाद, म्हणजे क्विन्स फळाची तशीच घट्ट वडी, चीजबरोबर खातात, तोच हा मेळ, फक्त फळ आपलं. अक्रोड, भाजलेले शेंगदाणे. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी सुंदर दिसते, पण चिरून ठेवली की पाणी सोडते, म्हणून अख्खीच.

फ्रीजमधून पाऊण तास ते तासभर आधी काढा, झाकून. ताजं शेळीचं शेवटी. थंडगार चीजला चव नसते, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी सगळे घाई करतात. मऊ सालीच्या चीजचे त्रिकोण कापा, म्हणजे प्रत्येकाला साल आणि गर दोन्ही मिळतात. कडक चीज सुरीच्या टोकाने फोडा. निळ्याला त्याची स्वतंत्र सुरी.

आता चिठ्ठ्या. प्रत्येक चीजपुढे जाड कागदावर मोठ्या अक्षरांत तीन गोष्टी लिहा: नाव, दूध कुणाचं, रेनेट कसलं. तिसरी गाळू नका. ‘मी सांगेन सगळ्यांना’ असं मीही ठरवलं होतं, पण पाहुणे आले की आपण चहात, चपलांत आणि खुर्च्यांत अडकतो. ज्येष्ठांना तर आल्या आल्या स्वतः पाटापाशी नेऊन दाखवा. ते विचारणार नाहीत. आपल्या घरात आपण खायला दिलेलं विश्वासाने तोंडात घालतात.

कुणी ऐनवेळी चीज घेऊन आलं तर थँक्यू म्हणा आणि स्वयंपाकघरात ठेवा. वेष्टन वाचल्याशिवाय पाटावर नाही. पाट भरताना दुसऱ्यांदा तुकडे टाकाल तेव्हाही तेच, आणि वेष्टनं रात्री उशिरापर्यंत फेकू नका.

पाणी ठेवा, साधं. शेकोटी पाटापासून लांब. उरलेलं बटर पेपरमध्ये, मग डब्यात. निळं वेगळ्या डब्यात. मावशीला परवा फोन करून प्रत्येक चीजचं वेष्टन वाचून दाखवलंय, ती येतेय.