डॉक्समधली क्वेरी चुकलेली दिसली? हात लावायच्या आधी चालवून बघा

डेटाबेसच्या डॉक्युमेंटेशनमध्ये (म्हणजे डॉक्समध्ये) चुकलेली क्वेरी, म्हणजे डेटाबेसला द्यायची एसक्यूएल आज्ञा, दिसली की हात शिवशिवतात, पण थांबा, आधी ती पानावरून जशीच्या तशी कॉपी करून रिकाम्या डेटाबेसमध्ये चालवा. रिकाम्याच हं, रोजच्या डेटाबेसमध्ये टेबलं आधीच असतात त्यामुळे पानावर क्रिएट टेबल (टेबल बनवायची आज्ञा) द्यायचं राहिलंय हे कळतच नाही. आणि टाइप करू नका, कारण कधीकधी क्वेरी बरोबर असते, फक्त कोट्स वाकडे छापलेले असतात आणि टाइप करताना आपण ते नकळत सरळ करून टाकतो.

एरर आली तर व्हर्जन बघा. मायएसक्यूएल ५.७.५ पासून ओन्ली फुल ग्रुप बाय मोड (ग्रुप बायमध्ये नसलेला कॉलम तसाच मागू न देणारा) बाय डिफॉल्ट चालू झाला, जुन्या सैल ग्रुप बाय क्वेरी तिथे अडकतात. ८.० मध्ये रँक रिझर्व्हड शब्द झाला, म्हणजे कॉलमला ते नाव कोट्सशिवाय चालत नाही. म्हणजे लिहिणारा चुकलेला नसतो, पान जुनं झालेलं असतं, आणि जुन्या व्हर्जनच्या पानावर ते बरोबरच आहे, तिथे उगाच बदलू नका.

खरा ताप देतात त्या एरर न देणाऱ्या क्वेरी. ऑर्डर न दिलेले कस्टमर शोधायला नॉट इन वापरलंय, सबक्वेरीत (आतल्या क्वेरीत) एक जरी नल, म्हणजे किंमतच नसलेला रकाना, आला की उत्तर शून्य ओळी, तक्रार काहीच नाही. पानावरच्या डेटात नल नसतो म्हणून कुणाला दिसत नाही, वाचणारा आपल्या टेबलावर चालवतो आणि डोकं धरून बसतो. तिथे नॉट एग्झिस्ट्स टाका. तसंच टाइमस्टँपवर १ ते ३१ जानेवारी असं बिट्वीन लावलं की ३१ चा जवळजवळ अख्खा दिवस गळतो, कारण नुसती तारीख म्हणजे रात्रीचे ००:००. तिथे १ फेब्रुवारीपेक्षा लहान असं लिहायचं. म्हणून टेस्ट डेटात मुद्दाम एक नल आणि महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारची एक ओळ घालाच.

क्वेरी बदलली की खालचा आउटपुटही परत चालवून चिकटवा. पोस्टग्रेसमध्ये ७ / २ म्हणजे ३ येतात, कारण पूर्णांकांच्या भागाकारात अपूर्णांक गळतो, मी एकदा ७ / २.० केलं (उत्तर ३.५) आणि खाली ३ तसाच ठेवला, म्हणजे एक चूक काढून दुसरी घातली. ओळी ठरावीक क्रमाने दाखवल्यात पण ऑर्डर बाय नाही, असं असेल तर तेही घाला, क्रमाची गॅरंटी नसते.

पोस्टग्रेसची डॉक्स डॉकबुक एक्सएमएल या टॅगवाल्या फॉरमॅटमध्ये आहेत, त्यामुळे वरच्या तारखेच्या क्वेरीतलं < तसंच टाकलं तर बिल्डच मोडतं, &एलटी; लिहावं लागतं (एलटी अर्थात इंग्रजी अक्षरांत). पॅचमध्ये (म्हणजे पाठवायच्या दुरुस्तीत) तेवढीच ओळ बदला, इंडेंटेशन सुंदर करायचा मोह आवरा, नाहीतर रिव्ह्यू करणाऱ्याला खरा बदल सापडत नाही. सोबत व्हर्जन, आधीचा आउटपुट, नंतरचा आउटपुट आणि टेस्ट डेटाचे इन्सर्ट द्या, म्हणजे समोरचा दोन मिनिटांत स्वतः चालवून बघेल.